मळवलीचें स्टेशन आणि एका दिवसाची पायवाट

आगगाडी ही लांबचा पल्ला गांठण्यासाठीं, आणि वाटेंतील लहान स्टेशनें खिडकींतून पाहून सोडून देण्यासाठीं, असा समज आपल्या सुशिक्षित कुटुंबांतूनही दृढ आहे. आमच्या शिरड शहापूर भागांतील कित्येक वडीलधारी मंडळी मुला-नातवंडांस भेटण्यासाठीं पुण्यास जातात, महिनाभर राहतात आणि चार भिंतींआड दिवस कंठून परत येतात. नातवंडांच्या हातीं मोबाईल, आजोबांच्या हातीं वर्तमानपत्र. बोलण्यास विषय उरत नाहीं. अशा मंडळींनीं एक दिवस लोणावळ्याच्या लोकलनें मळवलीस उतरावें, असें आम्हांस सुचवावयाचें आहे.

खंडाळा ते पुणें हा लोहमार्ग इ. स. १८५८ मध्यें सुरू झाला. त्याच मार्गावर, पुण्याहून जातांना लोणावळ्याच्या अलीकडचें स्टेशन तें मळवली. त्याच्या एका अंगास भाजें गांव, त्यामागें लोहगड व विसापूर. दुसऱ्या अंगास कार्ल्याचा डोंगर. स्टेशनाबाहेर पडतांच वाट सुरू होते, ही येथील मोठी सोय.

घरांतील सर्वांनीं एकत्र निघावें. परंतु सर्वांनीं एकाच ठिकाणापर्यंत पोहोंचावें, असा हट्ट धरूं नये. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीं भाजें गांवांत सावलींत बसावें. ज्यांस पायऱ्या झेपतील त्यांनीं लेण्यांपर्यंत चढावें. तरुणांनीं पुढें गायमुख खिंडींतून लोहगड गांठावा. प्रत्येकास आपल्या शक्तीप्रमाणें वांटा मिळतो आणि परतीच्या गाडींत सांगण्यासारखें प्रत्येकाजवळ कांहींतरी असतें.

भाज्याचीं लेणीं बावीस असून त्यांतील चैत्यगृह इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमाराचें मानितात. तेथील खांब किंचित् आंत कललेले आहेत, याकडे मुलांचें लक्ष अवश्य वेधावें. लांकडी इमारतींत छपराचा रेटा सोसण्यासाठीं खांब असे कलते ठेवावे लागत. अखंड पाषाणांत त्याची कांहींच गरज नव्हती. तथापि सुतारकामाची संवय शिल्प्यांच्या हातांत इतकी मुरलेली होती कीं, त्यांनीं दगडांतही तोच कल राखिला. त्यानंतर सुमारें दोन शतकांनीं कोरलेल्या कार्ल्याच्या चैत्यांत खांब सरळ उभे राहिले. वडिलांचें वळण केव्हां जपावें आणि केव्हां सोडावें, या प्रश्नावर घरांत रोज होणारा वाद त्या दोन लेण्यांत मुकाट्यानें सुटलेला दिसतो.

लोहगडाची कथा वेगळी. १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वयें गमावलेला हा किल्ला शिवछत्रपतींनीं १६७० मध्यें परत घेतला. पुढें नाना फडणवीस यांनीं येथें आपला खजिना ठेविला व मोठें तळें बांधविलें. गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा अशा चार दरवाजांतून वर गेलें म्हणजे विंचुकांटा नांवाची लांबट सोंड दिसते. जुलै २०२५ मध्यें 'युनेस्को'नें मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें, त्यांत लोहगड आहे.

कार्लें मात्र दुसऱ्या दिवसासाठीं राखावें. तेथील चैत्यगृह सुमारें १२४ फूट लांब असून छताच्या मूळच्या लांकडी कमानी अद्यापि शाबूत आहेत. शेजारींच एकवीरा देवीचें मंदिर आहे. तेव्हां दर्शन व अवलोकन दोन्ही साधतात.

मार्गशीर्ष ते माघ हे महिने उत्तम. पावसाळ्यांत धबधब्यांसाठीं मोठी गर्दी लोटते व दगड निसरडे होतात. वृद्धांनीं व लहान मुलांनीं तेव्हां जाऊं नये. पहाटेची गाडी धरावी, दशम्या व पुरेसें पाणी बरोबर घ्यावें, आणि परतीच्या गाडीची वेळ आधीं विचारून ठेवावी.

दहा मैल मोटारींतून जाऊन जें दिसत नाहीं, तें दोन मैल चालून दिसतें. शिवाय चालतांना नातू आजोबांस प्रश्न विचारतो, आणि आजोबांस उत्तर देण्याइतका वेळ असतो. दोन पिढ्यांतील संभाषण खुंटलें, अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनीं हा साधा उपाय एकवार करून पाहावा.