अकारविल्हे

शब्द अकारविल्हे लावणे हे कारकुनी काम होय, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. परंतु तिसरीच्या एखाद्या वर्गात भिंतीला टेकून तासभर बसणाऱ्यास हे काम मुळात उच्चाराचे आहे, अशी खात्री पटल्यावाचून राहत नाही. आपली वर्गाक्षरे कंठापासून ओठांपर्यंत मुखातील स्थानांच्या अनुक्रमाने मांडलेली असल्यामुळे 'क' आधी की 'प' आधी, या प्रश्नाशी मुले फारशी अडत नाहीत. ती तोंडातल्या तोंडात कखगघ म्हणत जातात आणि हवे ते अक्षर आले की थांबतात. खरी पंचाईत पहिले अक्षर समान निघाले म्हणजे सुरू होते.

मी पाहिलेल्या वर्गात बाईंनी सतरंजीवर पुठ्ठ्याच्या पट्ट्या पसरल्या होत्या. बाराखडी मुखोद्गत असल्याने कणीस, काकडी, किल्ली आणि कौल बिनतक्रार रांगेत लागले. मात्र 'क्रम' या शब्दास काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, म्हणून त्याला कणसाशेजारी बसवण्याचा ठराव एकमताने संमत झाला. बाईंनी हुकूम सोडला नाही. "सावकाश म्हणून पाहा बरं," इतकेच त्या म्हणाल्या. तेव्हा 'क'मधला 'अ' मुखातून निघतच नाही, जीभ परभारे 'र'कडे धावते, हे एका मुलीच्या ध्यानी आले, आणि पाय मोडक्या 'क'ने सगळी बाराखडी संपेपर्यंत खोळंबून राहायचे असते, हा कायदा सर्वांना मान्य झाला.

पुढचा तंटा रफाराचा. वर्ग, वरण, वरात, वही, अशी रांग लावलेला मुलगा हटून बसला: "बाई, रफार तर 'ग'च्या डोक्यावर आहे, मग 'र' आधी कसा?" हा उजर रास्त आहे, असे मला वाटते. आपली लिपी 'र्' आधी उच्चारावयास लावून मागाहून लिहिते आणि ऱ्हस्व वेलांटी मागाहून उच्चारावयाची असता आधी काढते. तेव्हा डोळ्यांवर भिस्त ठेवणारे मूल फसले, तर दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. 'व-र्-ग' अशी फोड तीन-चारदा मोठ्याने झाल्यावर 'वर्ग' वरातीच्या मागे आणि वहीच्या पुढे रुजू झाला.

अनुस्वाराच्या बाबतीत मात्र कानाचाही इलाज चालत नाही. बाराखडीत 'कं' शेवटून दुसरा. उलट 1831 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या मोल्सवर्थच्या कोशात 'अंक' अगदी आरंभीच्या पानांवर भेटतो. 'क्ष'चीही तीच कथा: मुलांच्या तक्त्यावर तो शेवटी, आणि आपट्यांच्या संस्कृत कोशात 'क्षमा' हुडकायची तर 'क'च्या दप्तरात शिरावे लागते. असल्या ठिकाणी शास्त्राचा आव न आणता, हा केवळ वहिवाटीचा मामला आहे, असे मुलांना सरळ सांगून टाकावे; बाई तसेच सांगतात.

तास संपता संपता कोणीतरी 'बॅट' ही पट्टी पुढे केली. शासनाने 2009 साली ठरवून दिलेल्या वर्णमालेत 'ॲ'ची जागा 'ए'च्या पाठोपाठ आहे, एवढा खुलासा मुलांना पुरला, आणि बेडूक व बैल यांच्या मधोमध बॅट दाखल झाली.