चोळण्याआधी फोटो

भोर-वेल्ह्यात पोराचा गुडघा दुखला की घरात पहिला प्रश्न येतो, "कुठं पडलास?" डोंगरातलं पोर रोजच कुठंतरी पडतं. त्यामुळे दुखण्याचं खापर कबड्डीवर नाहीतर गडाच्या चढणीवर फुटतं. मग तेल, लेप, हाडवैद्याची पट्टी.

वेल्ह्याकडच्या एका वाडीतल्या, नववीत शिकणाऱ्या मुलाच्या उपचारांत मी त्याच्या घरच्यांसोबत होतो. गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाच्या टोकाशी सूज होती. दाबली तर टणक लागायची. चालून दुखणारा पाय रात्री पडल्यावर तरी दुखायचा थांबावा, पण हा पोरगा कळ येऊन उठून बसायचा. मुका मार आठवडेच्या आठवडे रेंगाळत नाही, उलट दिवसागणिक उतरतो. हे दुखणं मात्र चढत होतं.

एक्स-रेचा फोटो पडद्यावर आला तेव्हा डॉक्टरांनी आधी चांगल्या पायाचं हाड दाखवलं. त्याची कड पेन्सिलीनं ओढावी तशी सलग होती. दुखऱ्या पायात तीच कड कुरतडलेली, हाडावरचं आवरण एका जागी उचललेलं आणि हाडातून निघालेल्या बारीक रेषा बाहेर मांसात शिरलेल्या. वाढीच्या वयात हाड जिथं झपाट्यानं वाढतं, तिथंच, म्हणजे बहुधा गुडघ्याच्या आसपास, ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग होतो. पडल्यामुळे तो होत नाही. पडल्याचं निमित्त होऊन लक्ष तिकडं जातं, एवढंच.

पुढचा टप्पा तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढण्याचा, म्हणजे बायोप्सीचा, आणि इथं घाई नडते. सुई ज्या वाटेनं आत जाते, ती वाटही पुढे गाठीबरोबर कापून काढावी लागते. वाट चुकली तर वाचणारा पायही हातचा जाऊ शकतो. म्हणून त्याआधी पूर्ण हाडाचा एमआरआय हवा, आणि जिथं मोठी शस्त्रक्रिया व्हायची तिथल्याच सर्जननं तुकडा काढलेला बरा. छातीचा सीटी स्कॅनही लागतो, कारण हा आजार बहुधा पहिल्यांदा फुफ्फुसात पसरतो.

त्यानंतर काही आठवडे केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमो. काढलेल्या हाडात गाठीच्या नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी मेलेल्या सापडल्या, तर औषध चांगलं लागू पडलं असं धरतात. 1970 च्या आधी पाय कापूनही पाचांतलं जेमतेम एखादं मूल वाचायचं. आज आजार पसरलेला नसेल, तर पूर्ण उपचार घेणारी साठ-सत्तर टक्के मुलं पाच वर्षांनंतरही जगतात आणि बहुतेकांचा पाय वाचतो. काढलेल्या हाडाच्या जागी धातूचा सांधा बसवतात.

परळचं टाटा हॉस्पिटल या आजाराचं काम कित्येक वर्षं करतं आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. मुंबईत राहायचं कुठं, या धास्तीनं अर्ध्यातून परतू नका; टाटाच्या समाजसेवा विभागात विचारा, बाहेरगावच्या मुलांसाठी मोफत निवासाच्या सोयी आहेत.

आईबापांना, शाळेतल्या गुरुजींना आणि हाडवैद्यांनाही हात जोडून सांगणं आहे: दोन-तीन आठवडे एकाच जागी दुखतंय, रात्री कळ येतेय, सूज वाढतेय, तर त्या जागेला तेलाचा हात लावू नका. पोराला दवाखान्यात न्या आणि समोरून व बाजूनं असे दोन फोटो काढून मागा.