कोळशाच्या विजेला पर्याय : ऑन्टारिओचा अनुभव

एखाद्या रुग्णाचे वर्षानुवर्षे चालू असलेले औषध अपायकारक ठरू लागले, तर ते थांबवणे आपले कर्तव्य ठरते. परंतु ते औषध शरीरात कोणकोणती कामे करीत होते, याचा हिशेब मांडल्याखेरीज आपण ते बंद करीत नाही. कोळशावरील वीजकेंद्रे बंद करून त्यांच्या जागी अपारंपरिक ऊर्जा आणण्याचा प्रश्नही असाच आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने कोळसा पूर्णपणे सोडला आणि त्यात तेथील डॉक्टरांचा मोठा वाटा होता. म्हणून ती हकिगत येथे सांगावीशी वाटते.

२००३ साली ऑन्टारिओची सुमारे एक चतुर्थांश वीज कोळशापासून मिळत असे. ईरी सरोवराच्या काठी असलेल्या एकट्या नँटिकोक केंद्राची क्षमता सुमारे ४,००० मेगावॉट होती. कोळसा जळताना राखेबरोबर सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पारा बाहेर पडतो. सल्फर डायऑक्साइडपासून हवेतच सूक्ष्म सल्फेट कण तयार होतात, तर नायट्रोजनची ऑक्साइडे कडक उन्हात जमिनीलगत ओझोन निर्माण करतात. अडीच मायक्रॉनहून लहान कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे दमा आणि श्वसनाचे जुनाट विकार बळावतातच, शिवाय हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा धोकाही वाढतो.

ऑन्टारिओ मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने १९९८ साली प्रदूषित हवा हे सार्वजनिक आरोग्यावरील संकट असल्याचे जाहीर केले. २००० साली तिने आपला अंदाज प्रसिद्ध केला : सर्व प्रकारच्या वायुप्रदूषणामुळे प्रांतात दरवर्षी सुमारे १,९०० अकाली मृत्यू होतात. रुग्णालयांवरील खर्च आणि बुडालेले कामाचे दिवस यांचीही तिने गणना केली. तोवर कोळशाची वीज स्वस्त मानली जाई, कारण तिच्या किमतीचा मोठा भाग वीजबिलावर न येता रुग्णालयाच्या नोंदवहीत जमा होत असे. डॉक्टरांनी ती नोंदवही लोकांपुढे उघडली.

२००३ च्या निवडणुकीनंतर आलेल्या सरकारने २००७ पर्यंत कोळसा बंद करण्याचे आश्वासन दिले. ते वेळेत पाळता आले नाही. मुदत पुढे ढकलत २०१४ पर्यंत न्यावी लागली. २००५ मध्ये मिसिसॉगाचे लेकव्ह्यू केंद्र बंद झाले, २०१३ अखेर नँटिकोक थांबले आणि एप्रिल २०१४ मध्ये थंडर बे येथे कोळशाचा शेवटचा साठा जळाला. २००५ साली विषारी धुरक्याचे इशारे ५३ दिवस द्यावे लागले होते. २०१४ साली असा एकही दिवस आला नाही. अर्थात याचे सारे श्रेय कोळसाबंदीला देणे अशास्त्रीय ठरेल. वाहनांचे नियम कडक झाले होते आणि सीमेपलीकडे अमेरिकेतून येणारा धूरही घटला होता.

आता मुख्य प्रश्न : कोळशाची जागा कोणी घेतली? २०१४ साली ऑन्टारिओच्या विजेत अणुऊर्जेचा वाटा सुमारे ६० टक्के, जलविद्युतेचा जवळजवळ चतुर्थांश, नैसर्गिक वायूचा सुमारे दशांश आणि वाऱ्याचा सुमारे ४ टक्के होता. बंद पडलेल्या अणुभट्ट्या पुन्हा सुरू केल्या गेल्या. नायगारा येथे २०१३ साली सुमारे १० किलोमीटरचा नवा बोगदा कार्यान्वित झाला. २००९ च्या हरित ऊर्जा कायद्यान्वये छोट्या छतावरील सौर विजेला आरंभी युनिटमागे ८० सेंट इतका दर दिला गेला; वीजबिलांवरून असंतोष वाढला आणि २०१९ च्या आरंभी तो कायदा रद्द झाला. कोळसा मात्र परतला नाही. नँटिकोकच्या जागेवर २०१९ साली सौर प्रकल्प उभा राहिला. त्याची क्षमता ४४ मेगावॉट आहे. ४,००० च्या जागी ४४, हा आकडा पुढच्या कामाचा आवाका सांगतो.

कोळसाकेंद्र तीन कामे करते. ते युनिटे पुरवते, सूर्यास्तानंतर मागणी वाढली तरी हजर असते आणि त्याची जड फिरती चक्रे वीजजाळ्याची नाडी स्थिर राखतात. ही नाडी तेथे सेकंदाला ६०, आपल्याकडे ५० आवर्तनांची असते. सौर पटल पहिले काम उत्तम करते. दुसऱ्यासाठी बॅटरी, धरणांचे पाणी अथवा पाणी वर चढवून साठवण्याची योजना लागते. तिसऱ्यासाठीही वेगळी यंत्रणा उभारावी लागते.

आपल्या मध्य प्रदेशाचा विचार करता एक गोष्ट दिलासा देणारी आहे. रीवा येथील ७५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी २०१७ च्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर युनिटला अवघा २ रुपये ९७ पैसे निघाला. ऑन्टारिओला जे महागात पडले, ते आपल्याला दिवसा तरी परवडू शकते. नर्मदेवरील धरणे संध्याकाळच्या कामी येऊ शकतात. इंदूर महापालिकेनेही २०२३ साली हरित रोखे विकून २४४ कोटी रुपये उभे केले, ते नर्मदेचे पाणी शहरात आणणाऱ्या जलूद येथील पंपांसाठी ६० मेगावॉट सौर वीज निर्माण करण्याकरिता.

आपल्या रुग्णालयांतही हाच हिशेब मांडता येईल. धुलाई, निर्जंतुकीकरण आणि पाणी चढवणे ही कामे शक्य तेवढी भर दुपारी उरकता येतात. नवजात शिशूंच्या कक्षाला मात्र मध्यरात्रीही वीज लागते. कोणती कामे उन्हावर सोपवता येतील आणि कोणत्यांसाठी साठवण लागेल, याची यादी करणे ही पहिली पायरी. दुसरी पायरी ऑन्टारिओच्या डॉक्टरांनी दाखवली आहे : धुराची किंमत रुग्णांच्या नोंदींतून मोजणे आणि ती स्पष्टपणे सांगणे. हे काम अभियंता करू शकणार नाही. ते आपलेच आहे.