जुन्या सनईची नक्कल : माप बाहेरचे नव्हे, पोटातले घ्या

मोहने येथील एन.आर.सी. कारखाना 2009 साली बंद पडला. पण लेथवर बसलेला हात रिकामा राहण्याचे कारण नाही. मिरजेत हत्यारे घडविणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले आणि 2024 साली तेथील सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. लाकूड कातणाऱ्या कारागिराला सनईचे काम असेच जमण्याजोगे आहे.

गिऱ्हाईक घराण्यातली जुनी सनई आणून ‘अगदी अशीच करा’ म्हणते. कारागीर बाहेरचा घाट हुबेहूब उतरवतो आणि माल परत येतो. सूर घाटात नसतो, पोटातल्या पोकळीत असतो. ही पोकळी वर अरुंद व खाली रुंद होत जाते. वेगवेगळ्या व्यासाच्या लहान चकत्या बारीक तारेला लावून आत सोडाव्यात आणि कोणती कुठे अडते ते इंचाइंचाने कागदावर उतरवावे. जुने लाकूड आडवे आकसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून भोक लंबगोल झालेले असते. त्यातला मोठा व्यास खरा धरावा.

लाकूड शिसम किंवा सागवान, पण सावलीत पुरते वाळलेले. ओल्या लाकडावर घाई केली तर तडा गेलाच समजा. आधी टप्प्याटप्प्याने भोक पाडून मग त्याच उताराचे निमुळते रीमर फिरवावे. रीमर स्वतः घडवावे लागते. भांडवल व वेळ तेथेच जातो.

जुनी सनई आजच्या पेटीशी जुळेलच असे नाही. पांढरी एकची सनई पांढरी दोनमध्ये हवी असेल तर लांबी सुमारे 11 टक्के कमी करावी आणि छिद्रांची अंतरेही त्याच प्रमाणात. सोलापूरच्या जाधव घराण्याने नावारूपाला आणलेली सुंदरी सनईपेक्षा आखूड, म्हणून तिचा सूरही चढा. छिद्रे सुरुवातीला लहानच ठेवावीत. कानस फिरवून सूर चढविता येतो. उतरविण्यासाठी मात्र मेण भरावे लागते, आणि नव्या मालात मेण पाहून कोण खूश होईल?

पत्ती वादकाचीच मागून घ्यावी. दुसऱ्या पत्तीवर तीच सनई बेसूर बोलते आणि दोष कारागिराच्या माथी येतो. पितळी प्याला तांबटाकडून करून घेतला तरी चालतो. पहिला नग हलक्या लाकडात करून वादकाला वाजवायला द्यावा, त्याच्या सांगण्याप्रमाणे माप सुधारावे, आणि मगच शिसमाला हात घालावा. त्या नगाचे पैसे आगाऊ रकमेतच धरावेत.