भोकरदनची झिजलेली नाणी

जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे सांची व भारहूतच्या शिलालेखांत उल्लेखिलेले प्राचीन भोगवर्धन असून, 1973 मध्ये तेथे झालेल्या उत्खननाने या गावाचा सातवाहनकालीन वैभवाशी असलेला संबंध स्पष्ट केला. त्या काळची लहान नाणी बहुधा शिशाची किंवा पोटिनची, म्हणजे तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रधातूची असत. ती सहज झिजत, म्हणून ओळख पटवताना आधी धातू आणि वजन पाहावे व मग नाणे तिरप्या उजेडात धरावे. एका बाजूला हत्तीची अस्पष्ट आकृती आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे फुलीच्या टोकांना जोडलेली चार वर्तुळे, दिसली की सातवाहन नाण्याचा तर्क बळावतो. राजा ठरवणे मात्र कठीण, कारण ब्राह्मी लेखातील ‘कणिस’ एवढीच अक्षरे उरली, तर ती सातकर्णी नावाच्या कोणत्याही राजाची असू शकतात. अशा वेळी ‘सातवाहन, राजा अनिश्चित’ ही नोंदच प्रामाणिक ठरते. शेतात असे नाणे सापडल्यास ते चिंचेने किंवा आम्लाने घासू नये, उरलेली अक्षरेही त्यात जातात. जागेची नोंद करून ते जिल्हाधिकारी कार्यालयास कळवावे.