चौधरी छोटूराम आणि पंजाबातील सावकारीचे कायदे

न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. त्याच वर्षी १२ मे रोजी, त्याच पुणे जिल्ह्यात, सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जाची खते जाळली. या दंग्यांची चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला. खतावर आकडा काहीही असो, त्यामागचा खरा व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार त्या कायद्याने न्यायाधीशाला दिला.

ही हकीकत आपल्याला ठाऊक असते. पण हाच प्रश्न उत्तरेस पंजाबात कसा उभा राहिला आणि तेथील एका आमदाराने तो विधिमंडळात कसा हाताळला, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. रोहतकचे चौधरी छोटूराम हे ते आमदार. आम्ही कामगार संघटनेचे माणूस; शाळा लवकर सुटली, आणि कायदा शिकलो तो कामगारांना आलेल्या नोटिसा वाचता वाचता. त्यामुळे कायदा कोणी केला यापेक्षा, तो कोठे चावतो आणि कोठे निसटतो, याकडे आमचे लक्ष अधिक जाते. त्याच नजरेने छोटूरामांच्या कामाकडे पाहावयाचे आहे.

छोटूरामांचा जन्म २४ नोव्हेंबर १८८१ रोजी रोहतक जिल्ह्यातील गढी सांपला या गावी एका जाट शेतकरी कुटुंबात झाला. जमीन थोडी, कोरडवाहू, आणि घर कर्जात बुडालेले. त्यांच्या बालपणाची एक गोष्ट त्या मुलखात अजून सांगतात. पुढच्या शिक्षणासाठी पैसे हवेत म्हणून बाप-लेक सावकाराकडे गेले. सावकाराने कर्जाचे बोलणे काढण्याआधी पंख्याची दोरी म्हाताऱ्या बापाच्या हाती दिली. तुमचा तरणाताठा मुलगा शेजारी बसलेला असताना माझ्या बापाला पंखा ओढावयास लावता, असे मुलाने तेथल्या तेथे सुनावले. गोष्टीत तिखटमीठ किती हे सोडून दिले, तरी तिच्यातले मर्म खरे आहे. कर्ज म्हणजे केवळ व्याज नव्हे. कर्ज म्हणजे कोणी बसावयाचे आणि कोणी दोरी ओढावयाची, याचा निवाडा.

दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजातून ते १९०५ साली पदवीधर झाले. पुढे आग्र्यास कायद्याचे शिक्षण घेऊन रोहतकला वकिली करू लागले. ‘जाट गॅझेट’ नावाचे पत्र त्यांनी काढले. काही वर्षे ते रोहतक जिल्हा काँग्रेसचे अध्यक्षही होते. पण १९२० साली असहकाराच्या प्रश्नावर त्यांनी काँग्रेस सोडली. १९२३ साली मियाँ फझल-ए-हुसेन यांच्यासह त्यांनी युनियनिस्ट पक्ष उभारला. या पक्षात मुसलमान, हिंदू आणि शीख शेतकरी एकत्र होते. त्याच वर्षी ते पंजाबच्या कायदे कौन्सिलात निवडून आले, आणि १९२४ ते १९२६ शेतीखात्याचे मंत्री होते.

येथे एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. ‘जमीनदार’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाडा आणि कारभारी उभे राहतात. पंजाबात मात्र दोन-चार एकरांचा धनी स्वतः नांगर धरीत असला तरी त्याला जमीनदारच म्हणत. छोटूरामांच्या भाषणांतला जमीनदार तो हा. अर्थात त्यांच्या पक्षात खरोखरीचे मोठे जमीनमालकही पुष्कळ होते, हेही विसरता कामा नये.

पंजाबात शेतजमीन सावकाराकडे जाऊ नये म्हणून इंग्रज सरकारने १९०० साली एक कायदा केला होता. तो ८ जून १९०१ पासून अमलात आला. सरकारने ‘शेतकरी जमाती’ म्हणून जाहीर केलेल्यांची जमीन इतरांना परवानगीवाचून कायमची विकत घेता येणार नाही, असे त्याचे सूत्र होते. कागदावर हे भक्कम दिसते. पण प्रत्यक्षात भोके तीन राहिली. पहिले, ८ जून १९०१ पूर्वीची गहाणे तशीच चालू राहिली. दुसरे, सावकार एखाद्या शेतकरी जमातीतल्या माणसाचे नाव पुढे करून बेनामी खरेदी करू लागला. तिसरे, शेतकरी जमातीतलेच सधन लोक सावकारी करू लागले आणि आपल्याच भाऊबंदांची जमीन घेऊ लागले.

छोटूरामांचे वैशिष्ट्य आम्हांला दिसते ते हे, की त्यांनी नवी घोषणा शोधण्यापेक्षा ही भोके एकेक करून बुजविली. १९३० च्या हिशेबविषयक कायद्यास त्यांचा पाठिंबा होता. सावकाराने नीट हिशेब ठेवावा आणि दर सहा महिन्यांनी कुळाला लेखी उतारा द्यावा, असे त्या कायद्याने ठरले. १९३४ च्या कर्जनिवारण कायद्याने तडजोड मंडळे आली, आणि जो दामदुपटीचा नियम आपल्या मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोसाठी पूर्वीपासून मानला जात होता, तोही पंजाबात आला. मुद्दलाच्या दुपटीहून अधिक रकमेचा हुकूमनामा न्यायालयाने देऊ नये, हे त्याचे सार.

१९३७ साली प्रांतिक स्वायत्तता आली. १७५ जागांच्या पंजाब असेंब्लीत युनियनिस्ट पक्षाला बहुमत मिळाले. सर सिकंदर हयातखान मुख्य मंत्री झाले आणि छोटूराम विकासमंत्री. पुढच्याच वर्षी महत्त्वाचे कायदे संमत झाले. १९०१ पूर्वीच्या गहाणांसाठी असा कायदा झाला, की गहाण ठेवणाऱ्याने अथवा त्याच्या वारसाने कलेक्टरकडे अर्ज करावा. सावकाराने इतक्या वर्षांत जमिनीतून मुद्दलाच्या दुप्पट लाभ घेतला असेल, तर एक पैही न देता जमीन परत मिळावी. कब्जेगहाणाचे गणित यात उलटे केले आहे. तोवर कुळाने काय दिले नाही एवढेच मोजले जाई; आता सावकाराने काय खाल्ले तेही मोजावयाचे होते.

दुसऱ्या कायद्याने बेनामी व्यवहार रद्द ठरविले. तिसऱ्याने शेतकरी जमातीतल्या सावकाराला आपल्या ऋणकोची जमीन घेण्यास आडकाठी घातली. चौथ्याने सावकाराला नोंदणी व परवाना आवश्यक केला. परवाना नाही तर वसुलीसाठी न्यायालयाचे दार बंद. सावकारावर पोलीस घालण्यापेक्षा हा उपाय आम्हांला अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण सावकाराचे खरे बळ त्याच्या लाठीत नसते, ते न्यायालयाच्या शिक्क्यात असते.

१९३९ साली शेतमालाच्या बाजाराचा कायदा झाला. बाजार समितीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बसू लागले, आणि अडत्या व मापाडी यांना परवाना घ्यावा लागला. त्याच वर्षी मुंबई प्रांतातही तसाच कायदा झाला. आज आपण जिला बाजार समिती म्हणतो, तिचे मूळ या कायद्यांत आहे. १९४० साली पंजाबात दुकानांतील नोकरांच्या कामाचे तास बांधले गेले आणि त्यांना आठवड्याची सुटी मिळाली.

यावर मोठे वादळ उठले. शेतकरी ज्यांना ‘सुनहरे’ कायदे म्हणत, त्यांना शहरातले व्यापारी ‘काळे’ कायदे म्हणत. हरताळ झाले, सभा झाल्या. काँग्रेस पक्षातही शहरी आणि ग्रामीण सभासदांची ओढाताण झाली. गहाणमुक्तीच्या कायद्याविरुद्धचा वाद तर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि १९४७ साली तेथे कायदा वैध ठरला. तो निकाल ऐकावयास छोटूराम हयात नव्हते.

इतके सांगितल्यावर दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. छोटूराम इंग्रज सरकारशी जुळवून घेणारे होते. दोन्ही महायुद्धांत त्यांनी सैन्यभरतीस साहाय्य केले आणि १९३७ साली ‘सर’ ही पदवी स्वीकारली. पण आमच्या दृष्टीने याहून मोठी उणीव कायद्याच्या पायातच होती. संरक्षण मिळाले ते सरकारी यादीतल्या शेतकरी जमातींना. त्याच शेतात राबणारा दलित मजूर आणि गावचा कारागीर हे त्या यादीत नव्हते. त्यांना जमीन घेण्याची ऐपत आली, तरी यादी आडवी येई. मताचा अधिकारही त्या काळी मालमत्ता आणि शिक्षणावर बांधलेला असल्याने असेंब्लीत त्यांचा आवाज फारच क्षीण होता. अखेर १९५१ साली, नव्या राज्यघटनेशी विसंगत म्हणून, १९०० चा तो कायदाच गेला.

आपल्याकडेही असेच घडले. १९३९ च्या कायद्याने बाजारात शेतकरी दिसला, पण ज्याच्या पाठीवरून पोते जाई तो हमाल दिसला नाही. त्याच्या मजुरीची, भविष्यनिर्वाह निधीची नि रजेची कायद्याने सोय होण्यास १९६९ चा माथाडी कायदा यावा लागला. कायद्याच्या सुरुवातीस बहुधा एक कलम व्याख्यांचे असते, आणि बहुतेक लोक ते वाचीत नाहीत. आम्ही आमच्या कार्यकर्त्यांना तेच आधी वाचावयास सांगतो. त्यात ज्याचे नाव नाही, त्याच्यासाठी पुढची सारी कलमे कोरी.

नोव्हेंबर १९४४ मध्ये छोटूरामांनी भाक्रा धरणासाठी बिलासपूरच्या राजाशी करार केला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ९ जानेवारी १९४५ रोजी, लाहोर येथे त्यांचे निधन झाले. १९४६ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष कोसळला. पुढच्या वर्षी पंजाबची फाळणी झाली. शेतीच्या प्रश्नावर तिन्ही धर्मांच्या लोकांना एकत्र ठेवणारी ती मोट त्यांच्यामागे टिकली नाही. २०१८ साली सांपला येथे त्यांचा ६४ फुटी पुतळा उभा राहिला. तो घडविणारे शिल्पकार राम सुतार हे आपल्या धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे.

पुतळ्याने माणूस उंच होतो, पण त्याचे काम दूर जाते. ते काम आम्हांला आठवते ते संघटनेच्या कचेरीत. पगाराचा दिवस उलटला की एखादा कामगार येतो. मुलीच्या आजारपणासाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते चार ठिकाणी चालू असतात. कोऱ्या धनादेशांवर सह्या झालेल्या असतात, आणि किती दिले, किती उरले याचा एकही कागद त्याच्या हाती नसतो. अशा वेळी आम्ही प्रथम एकच गोष्ट करतो. वही काढतो आणि त्याला विचारतो : मुद्दल किती घेतले, आणि आजवर किती फेडले? बेरीज पुष्कळदा त्याची त्यालाच चकित करते. खाली घातलेली मान जरा वर येते.

सुप्याच्या शेतकऱ्याने खत जाळले, कारण त्याला ते वाचता येत नव्हते. छोटूरामांनी खत वाचले आणि त्याचे गणित मांडून दाखविले. आपल्या भोवतीच्या कर्जदाराला ते गणित करता यावे, एवढे काम अजून आपल्याकडे उरले आहे.