हात लागलेले पिल्लू

माणसाचा हात लागलेल्या चिमणीला बाकीच्या चिमण्या टोचून मारतात, हे मला कोणी शिकवले ते आठवत नाही. आजीने शिकवले असेल, किंवा शाळेतल्या पोरांनी. महाराष्ट्रात लहानपण गेलेल्या बहुतेकांना ते ठाऊक असते. काठीवर सूप तिरके टेकवून, खाली तांदूळ टाकून, काठीला दोरी बांधून चिमणी पकडण्याचा खेळ ज्यांनी खेळला, त्यांना तर ते हमखास ऐकवले जाई. पोरांचे हात आवरायला ही समजूत बरीच होती. पण तिची दुसरी बाजू कोणी पाहिलेली नाही. जमिनीवर दिसलेले पिल्लू माणूस कळवळून उचलतो. उचलल्यावर त्याला आठवते, की आता याला हात लागला, आता आईबाप घेणार नाहीत. मग ते पिल्लू घरी येते, बुटांच्या खोक्यात बसते, कापसाच्या बोळ्याने दूध पिते आणि एकदोन दिवसांत मरते.

मीही एक असेच मारले आहे. वीसेक वर्षांपूर्वी, पावसाच्या तोंडावर, अंगणातल्या जास्वंदीखाली लालबुड्या बुलबुलाचे पिल्लू सापडले. अंगावर पिसे होती, शेपटी तेवढी खुंटासारखी. तारेवर दोन बुलबुल जिवाच्या आकांताने ओरडत होते. मला वाटले, मांजराला भिऊन ओरडताहेत. ते मला भिऊन ओरडत होते. दुधात भिजवलेल्या पावावर ते पिल्लू दोन दिवस काढू शकले, आणि ते दोन्ही दिवस मोठे बुलबुल त्या जास्वंदीवर येऊन हाका मारत होते. पक्ष्यांची पुस्तके मी त्यानंतर वाचायला लागलो.

ती समजूत खरी आहे का, याचे उत्तर पक्ष्यांच्या पायात कडी घालणाऱ्या लोकांनी कधीच देऊन ठेवले आहे. १८९९ साली डेन्मार्कमधले शिक्षक हान्स मॉर्टेन्सन यांनी आपल्या साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांना ॲल्युमिनियमची कडी घातली, आणि ही पद्धत पुढे जगभर पसरली. आपल्याकडे मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी हे काम कित्येक दशके करत आली आहे. मोठ्या पक्ष्यांप्रमाणे घरट्यातली पिल्लेही अभ्यासक हातात घेतात, त्यांचे वजन करतात, कडी घालतात आणि पुन्हा घरट्यात ठेवतात. थोड्या वेळाने आईबाप चोचीत अळी घेऊन हजर होतात. हात लागलेले पिल्लू टाकून देण्याची रीत पक्ष्यांत असती, तर ही विद्या पहिल्याच वर्षी बंद पडली असती.

यावर एक सोपे स्पष्टीकरण दिले जाते, की पक्ष्यांना वासच येत नाही. तेही चूक आहे. १८२६ साली ऑड्यूबनने गिधाडांवर प्रयोग करून तसे मांडले आणि पुढे शंभरावर वर्षे ते मत टिकले. १९६४ साली केनेथ स्टेगर यांनी अमेरिकेतली टर्की व्हल्चर ही गिधाडे वासानेच मढे शोधतात हे दाखवून दिले. म्हणजे पक्ष्याला माणसाचा वास येतही असेल. पण ज्या पिल्लासाठी इतके दिवस उबवण आणि भरवण केली, ते एवढ्या कारणावरून तो सोडत नाही. आपला कावळा पाहा ना. कोकिळेचे पिल्लू स्वतःचे समजून तो वाढवतो, ते घरट्याबाहेर पडल्यावरही फांदीफांदीवर मागे फिरून भरवतो. लोक हे दृश्य पाहतात आणि कावळा पिल्लाला मारतोय म्हणून दगड घेऊन धावतात.

समजुतीत थोडे तथ्य असेलच, तर ते अंड्यांपुरते. घरटे बांधताना किंवा अंडी घालताना माणसाने वारंवार ढवळाढवळ केली, तर बरेच पक्षी ते घरटे सोडून देतात. पिल्ले बाहेर आल्यावर आईबाप सहसा हटत नाहीत. चिमण्यांच्या टोचण्याबद्दल माझा एक तर्क आहे. पकडलेल्या चिमणीला मुले रंग लावून सोडत. दोष हाताचा नसून त्या रंगाचा असावा.

तेव्हा पिल्लू दिसले, की प्रथम ते खरोखर पडले आहे की निघाले आहे, हे पाहावे. बुलबुल, दयाळ, साळुंकी, शिंपी यांची पिल्ले नीट उडता येण्याआधीच घरटे सोडतात. बुलबुल तर जेमतेम दोन आठवड्यांत बाहेर येतो. पुढचे काही दिवस ही पिल्ले झुडपात, कुंड्यांमागे, जमिनीवर उड्या मारत काढतात आणि आईबाप तिथेच येऊन भरवतात. पिसे आलेली, शेपूट आखूड, चोचीच्या कोपऱ्याशी अजून पिवळी कड, पायांवर घट्ट उभे, असे पिल्लू अनाथ नसते. रस्त्यावर असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवावे, मांजर-कुत्रे आवरावे आणि लांब जावे. लांब म्हणजे खरोखर लांब. आपण चार पावलांवर उभे राहून वाट पाहिली, तर आईबाप येत नाहीत आणि आपण त्यांच्यावरच ठपका ठेवतो.

अंगावर पिसे नाहीत किंवा नुसत्या निळसर नळ्या फुटल्या आहेत, डोळे मिटलेले आहेत, ते मात्र पडलेले असते. त्याला घरट्यात परत ठेवावे. घरटे वादळाने मोडले असेल तर लहान परडीत वाळलेले गवत घालून ती जुन्या जागेजवळ, सावलीत, घट्ट बांधावी. परडीच चांगली, कारण तिच्यात पाणी साचत नाही. एवढ्या लहान पिल्लाला दिवसा थोड्या थोड्या वेळाने चारा लागतो. त्यामुळे तास-दोन तास आडून पाहूनही कोणी आले नाही, तर मदत बोलवायची वेळ झाली.

अपवाद माहीत असावेत. पुलाखाली किंवा जुन्या वाड्याच्या छताला घरटी करणारी पाकोळी जमिनीवर दिसली, तर ती अडचणीतच असते. तिचे पाय चालण्याचे नाहीत, आणि घरटे सोडलेल्या पिल्लाला तिच्यात पुढे कोणी भरवत नाही. टिटवीचे पिल्लू याच्या उलट. ते जन्मल्या दिवसापासून जमिनीवरच धावते, आणि दगडासारखे निपचित बसले म्हणजे लपलेले असते. गव्हाणी घुबड घरट्यातच भरवते, त्यामुळे खाली पडलेल्या पिल्लाकडे सहसा फिरकत नाही. त्याला वर ठेवणे भाग असते. मात्र त्याचा फोटो आणि पत्ता मोबाइलवर फिरवू नये. लक्ष्मीपूजनाच्या सुमारास अघोरी विधींसाठी घुबडांना गिऱ्हाईक असते, हे विसरून चालणार नाही.

दुधाबद्दल एवढेच, की ते पक्ष्याला पचत नाही. चोचीत पाणी ओतणे त्याहून वाईट, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि पाणी सरळ फुप्फुसात जाते. जखमेवर तेल-हळद थापली तर पिसे चिकटून बसतात. जखमी पिल्लाला भोके पाडलेल्या खोक्यात, मऊ कापडावर, उबेत आणि अंधारात ठेवावे. थंड पडलेल्या पिल्लाला अन्न जिरत नाही, म्हणून ऊब आधी. मांजराचा दात लागला असेल तर ओरखडा किती लहान ते पाहू नये. मांजराच्या लाळेतले जंतूच पक्ष्याला मारतात, त्याला औषध लागते. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा क्रमांक यासाठी आहे. स्वतः वाढवायचा मोह होतो, पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्षी घरी पाळता येत नाही, पोपटसुद्धा. शिवाय माणसाच्या हातून एकट्याने वाढलेल्या पिल्लाला मांजराला भ्यायचे शिकवणार कोण?

यंदा जूनमध्ये शेजारची मुलगी ओंजळीत बुलबुलाचे पिल्लू घेऊन आली. म्हणाली, “काका, मी हात लावला याला. आता काय करायचं?” जिथून आणले त्याच कुंपणाच्या मेंदीत आम्ही ते ठेवले आणि खिडकीचा पडदा ओढून आत बसलो. पाऊण तास झाला. तिचा धीर सुटला, माझाही सुटत आला होता. मग एक बुलबुल नाकतोडा घेऊन आला, तारेवर बसून इकडेतिकडे पाहिले, मेंदीत शिरला आणि रिकाम्या चोचीने बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी पिल्लू तिथे नव्हते. घरटे सोडलेल्या पिल्लांपैकी बरीच पहिल्या काही दिवसांतच मरतात, तेव्हा ते मांजराने नेले की पुढच्या झाडावर गेले, हे सांगता येत नाही. आम्ही दोघांनी मेंदीखाली वाकून पाहिले, पिसे पडलेली नव्हती.